विश्लेषण : नाव मुंबईचे, मुळे रत्नागिरीकडे... ‘बॉम्बे’ रक्तगट ‘ओ’ म्हणून का निसटतो?

वाहन परवान्यावर, शाळेच्या ओळखपत्रावर, कधी गळ्यातल्या बिल्ल्यावरही ‘ओ पॉझिटिव्ह’ असे छापलेले असते. सर्वांत सहज मिळणाऱ्या रक्तगटांपैकी हा एक, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपेढीत ‘ओ’ची एक पिशवी जुळत नाही, दुसरी जुळत नाही, दहावीही जुळत नाही. अशा वेळी रक्तपेढीतील तंत्रज्ञाला एका रक्तगटाची शंका येते, ती म्हणजे ‘बॉम्बे’ रक्तगटाची. हा गट जगाला कळला तो मुंबईत. मात्र महाराष्ट्रात तो असलेल्यांची मूळ गावे शोधली, तेव्हा माग निघाला तो रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून घाटावरच्या सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी निगडित जनुके समाजागणिक, प्रदेशागणिक कशी बदलतात, याचे हे आपल्या दारातले उदाहरण आहे.

१९५२ मध्ये मुंबईत काय सापडले?

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी, ओ हे रक्तगट मांडले. पुढची पन्नास वर्षे या पद्धतीत फारसे काही राहून गेले आहे असे कोणाला वाटले नव्हते. मग मुंबईत रक्ताची गरज असलेल्या रुग्णांमध्ये एक विचित्र प्रकार दिसला. त्यांपैकी एक रेल्वेतील कामगार होता, तर दुसरा सुरीहल्ल्यातील जखमी. तपासणीत त्यांच्या लाल पेशी ‘ओ’सारख्या वागत होत्या, पण ‘ओ’ गटाचे रक्त मात्र त्यांच्याशी जुळत नव्हते. त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. ए नको, बी नको, एबी नको आणि ओ सुद्धा नको, असे रक्त तोवर कोणाच्या पाहण्यात नव्हते.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या त्या काळच्या रक्तगटशास्त्रातील दिग्गजांबरोबर याचा उलगडा केला. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन पानांचा छोटेखानी लेख प्रसिद्ध झाला. शहराच्या नावावरून या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. शहराचे नाव बदलून मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र जुनेच राहिले. वैद्यकीय कागदपत्रांत तो ‘ओएच’ असाही लिहिला जातो आणि घाईत वाचणाऱ्याला तो पुन्हा ‘ओ’च वाटतो.

‘एच’ नसला म्हणजे नेमके काय नसते?

लाल पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या छोट्या साखळ्या असतात. या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक शर्करा जोडली गेली की ‘एच’ हा प्रतिजन तयार होतो. प्रतिजन म्हणजे पेशीवरची ओळखीची खूण. एच हा पाया आहे. त्यावर आणखी एक विशिष्ट शर्करा बसली की ‘ए’ गट होतो, दुसरी बसली की ‘बी’, दोन्ही प्रकार असतील तर ‘एबी’. काहीच बसले नाही तर नुसता एच उरतो आणि त्यालाच आपण ‘ओ’ म्हणतो. म्हणजे ‘ओ’ गटाच्या माणसाकडे काही नाही, हा समज चुकीचा आहे. उलट सर्वांत जास्त एच त्याच्याच पेशींवर असतो.

बॉम्बे गटाच्या व्यक्तीत फ्यूकोज जोडणारे विकर (एन्झाइम) काम करत नाही. पायाच घातला जात नाही, त्यामुळे वर ए किंवा बी चढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा व्यक्तीकडे ए किंवा बी तयार करणारे जनुक अगदी धडधाकट असू शकते, पण ते रिकामे बसून राहते.

इथवर कोणाला काहीच त्रास नाही. बॉम्बे गटाची माणसे निरोगी असतात. शेती करतात, बोटीवर जातात, बाळंत होतात, म्हातारी होतात. हा आजार नाही. गडबड होते ती प्रतिकारयंत्रणेच्या स्वभावामुळे. जी खूण आपल्या अंगावर नाही ती परकी, हा तिचा साधा नियम आहे. आतड्यातील जिवाणूंवरही ए, बी, एच यांच्यासारख्याच शर्करा असतात. लहानपणापासून त्यांच्याशी गाठ पडत राहते आणि आपल्या अंगावर जी खूण नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून ए गटाच्या माणसात बी-विरोधी प्रतिपिंडे असतात, तर ओ गटात दोन्ही. बॉम्बे गटात तिन्ही असतात, म्हणजे ए-विरोधी, बी-विरोधी आणि एच-विरोधी.

यातील एच-विरोधी प्रतिपिंड जहाल असते. ते शरीराच्या तापमानाला पूर्ण जोमाने काम करते आणि रक्तातील इतर संरक्षक प्रथिनांना हाताशी धरून परक्या लाल पेशी रक्तवाहिनीतच फोडते. ओ गटाची पिशवी लावली की काही मिनिटांत थंडी वाजून येणे, ताप, कंबरेत कळ, लघवीचा रंग गडद होणे, रक्तदाब कोसळणे, मूत्रपिंड बंद पडणे असा क्रम सुरू होऊ शकतो. रुग्ण आधीच भुलीखाली असेल तर यातली निम्मी लक्षणे सांगणारे कोणी नसते.

साध्या तपासणीत तो ‘ओ’ का दिसतो?

शिबिरात बोटाला टोचून, काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन जी तपासणी होते, तिच्यात फक्त लाल पेशी पाहिल्या जातात. एका थेंबात ए-विरोधी द्रव, दुसऱ्यात बी-विरोधी. दोन्हीकडे गुठळ्या झाल्या नाहीत की कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. बॉम्बे गटाच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून गुठळ्याही नाहीत. तपासणी करणाऱ्याची चूक नसते; एच आहे की नाही, हा प्रश्नच त्या तपासणीत विचारलेला नसतो.

रक्तपेढीत याची उलट बाजूही तपासली जाते. रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी टाकतात. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा रक्तद्रव ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बे गटाचा रक्तद्रव मात्र त्यांच्याही गुठळ्या करतो. तिथे शंका पक्की होते. पुढे एच-विरोधी द्रवाने खात्री करता येते. हा द्रव युरोपातील एका काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. या सगळ्याला लाखोंचे यंत्र लागत नाही. ओ पेशींची एक नळी जास्तीची लागते.

शेवटचा पहारा क्रॉसमॅचचा. पिशवीतील पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव प्रत्यक्ष एकत्र करून पाहिले की बॉम्बे गट सहसा निसटत नाही. अडचण येते ती क्रॉसमॅचला वेळ नसतो तेव्हा. महामार्गावरचा अपघात, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी ‘ओ निगेटिव्ह कोणालाही चालते’ या नियमावर रक्त चढवले जाते. जवळजवळ सगळ्या जगासाठी हा नियम बरोबर आहे. बॉम्बे गटाच्या माणसासाठी तो जिवावर बेतणारा आहे. आरएच निगेटिव्ह असल्याने पेशींवरचा एच कमी होत नाही, हे अनेकदा लक्षातच घेतले जात नाही.

मे २०२४ मध्ये शिर्डीतील एका फूलविक्रेत्याने सुमारे ४०० किलोमीटर प्रवास करून इंदूरमध्ये रक्तदान केल्याची बातमी देशभर गाजली. तिथे दाखल असलेल्या महिलेचा गट बॉम्बे होता. बातमीचा दुसरा भाग तितका गाजला नाही. या महिलेला आधी दुसऱ्या ठिकाणी शस्त्रक्रियेच्या वेळी ओ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले होते आणि त्यानंतर तिची प्रकृती खालावली, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दात्याच्या धावपळीचे कौतुक व्हायलाच हवे. पण ही धावपळ ज्या कारणाने करावी लागली ते कारण टाळता येण्यासारखे होते.

रत्नागिरीशी संबंध काय?

युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा असावा, असा अंदाज दिला जातो. भारतासाठी साधारण १० हजारांत एक असे सांगतात. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील प्रमाण सुमारे ७,६०० जणांत एक इतके निघाले. पण मुंबई म्हणजे कोण? गिरण्यांच्या काळात परळ-लालबागच्या चाळी ज्यांनी भरल्या त्यांत मोठा वाटा होता जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा. हर्णै, जयगड, रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला चाकरमानी आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार. रक्ताचा नमुना मुंबईच्या रुग्णालयात घेतला जायचा, पण त्या रक्ताचे गाव दापोली, संगमेश्वर, राजापूर किंवा पाटण, शाहूवाडी असायचे.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात देशभरातील बॉम्बे गटाच्या १७९ व्यक्तींची मूळ ठिकाणे तपासली गेली. त्यांपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. त्यानंतर कर्नाटक, आंध्र अशी दक्षिणेची राज्ये. महाराष्ट्रातही भर होता तो दक्षिण कोकण आणि त्याला लागून असलेल्या घाटमाथ्यापलीकडच्या जिल्ह्यांवर. जुन्या नोंदी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता. सावंतवाडी-मालवणपासून मंडणगडपर्यंत सगळे ‘रत्नागिरी’तच मोजले जायचे.

या आकड्यांकडे थोडे सावधपणेही पाहायला हवे. प्रयोगशाळा मुंबईत, तज्ज्ञ मुंबईत, त्यामुळे शोध जास्त लागला तो मुंबईशी जोडलेल्या मुलखात. जिथे कोणी तपासलेच नाही तिथे हा गट नाही, असे म्हणता येत नाही. ओडिशातील कुटिया कोंध या आदिवासी समाजातही तो पुढे आढळला. तरीही दक्षिण कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राचा पट्टा हा केवळ मोजणीचा भास नाही, असे मानायला जनुकांमधून आणखी एक पुरावा मिळाला.

जनुकांनी काय सांगितले?

फ्यूकोज जोडण्याचे काम दोन जनुके करतात आणि दोन्ही १९व्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. ‘एफयूटी१’ लाल पेशींवर एच तयार करते. ‘एफयूटी२’ हेच काम लाळ, आतड्याचे अस्तर, श्लेष्मा अशा ठिकाणी करते. १९९७ मध्ये जपानच्या योशिरो कोडा आणि सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे गटाची जनुके वाचली. एफयूटी१ मध्ये ७२५व्या जागी एका अक्षराचा बदल होता. टी ऐवजी जी. तेवढ्याने विकरातील एक अमिनो आम्ल बदलते आणि विकर निकामी होते. शेजारच्या एफयूटी२ ची गत आणखी वाईट होती, कारण सुमारे १० हजार अक्षरांचा अख्खा तुकडाच गळून गेला होता.

दोन बिघाड, दोन्ही शेजारी, दोन्ही एकत्र. असा योगायोग वेगवेगळ्या कुटुंबांत पुन्हा पुन्हा आपोआप घडणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे निष्कर्ष सरळ निघतो. केव्हातरी, कुठेतरी एका पूर्वजाच्या गुणसूत्रावर ही जोडी तयार झाली आणि पिढ्यान् पिढ्या ती जोडीनेच उतरत आली. हिंद महासागरातील रीयुनियन या फ्रेंच बेटावर भारतीय वंशाच्या लोकांतही हीच जोडी सापडली. ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांनी ती सोबत नेली, असे दिसते. युरोपीय किंवा चिनी, जपानी वंशाच्या लोकांत एच नसण्याची मोजकी उदाहरणे आहेत, पण त्यांचे बिघाड वेगळे आहेत. म्हणजे बाहेरून दिसणारा परिणाम सारखा, पण आतल्या वाटा निरनिराळ्या.

एखादा बदल एका पट्ट्यात दाट का राहतो, याचे उत्तर आपल्या लग्नव्यवहारात आहे. कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार भारतातील मुख्य वंशधारा साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकींत भरपूर मिसळल्या आणि त्यानंतर जातीतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली. २०१७ मध्ये त्यांनी दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले. त्यांतील ८१ गट असे निघाले, की मोजक्या पूर्वजांचा ठसा त्यांच्यावर फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होता. यातल्या काही समाजांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. संख्या मोठी असली तरी पूर्वज थोडेच असू शकतात.

मामेबहिणीशी लग्न केल्याने किती फरक पडतो?

बॉम्बे गट येण्यासाठी सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. एकाकडूनच आली तर ती व्यक्ती वाहक असते. तिचा रक्तगट नेहमीसारखाच राहतो आणि तिला आयुष्यभर काही कळत नाही.

मुंबईचा ७,६०० हा आकडा धरून एक ढोबळ हिशेब करता येतो. लग्ने पूर्णपणे यादृच्छिक होत असतील असे गृहीत धरले, तर साधारण ४४ माणसांत एक वाहक निघतो. म्हणजे रत्नागिरीहून सुटणाऱ्या प्रत्येक भरलेल्या एसटीत सरासरी एखादा. वाहक इतके सहज आणि बॉम्बे गट इतका विरळ, कारण दोन वाहकांची गाठ पडून त्यांच्या अपत्याला दोन्हीकडची सदोष प्रत मिळावी लागते. आता लग्न सख्ख्या मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी झाले असेल, तर त्याच हिशेबाने अपत्याला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता ७,६०० मध्ये एक यावरून सुमारे १,२०० मध्ये एक इतकी होते. सहापटीहून अधिक. लग्ने यादृच्छिक होत नाहीत आणि प्रत्येक समाजात प्रमाण वेगळे असते, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत.

एका घरात एक व्यक्ती बॉम्बे गटाची निघाली, की तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच गट असण्याची शक्यता २५ टक्के असते. राज्यभर दाता शोधण्याआधी भावाबहिणींचे रक्त तपासावे, असे तज्ज्ञ म्हणतात ते यामुळेच.

असा ‘बिघाड’ टिकला तरी कसा?

कारण रक्तगटाच्या या शर्करा केवळ रक्तपेढीसाठी नाहीत. जंतूंना पेशींवर पाय ठेवायला त्या कडीसारख्या उपयोगी पडतात. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू आतड्यातील याच एच प्रकारच्या शर्करेला धरतो. एफयूटी२ निकामी असलेल्यांना या विषाणूच्या सर्वाधिक पसरणाऱ्या प्रकारांची सहसा बाधा होत नाही, हे स्वयंसेवकांवरील प्रयोगांत दिसले आहे. रोटाव्हायरसच्या काही प्रकारांबाबतही असेच आढळते. याची दुसरी बाजू अशी, की काही देशांतील अभ्यासांत अशा बालकांमध्ये रोटाव्हायरसच्या तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या एका लशीला प्रतिसाद कमी मिळाला. लशीतला जिवंत पण दुबळा विषाणूही तीच कडी शोधत असतो.

एफयूटी२ निकामी असणे हे बॉम्बे गटाइतके दुर्मीळ मुळीच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचांत एक जण असा असतो. त्यांच्या लाल पेशींवर एच असतो, त्यामुळे रक्त घेताना त्यांना काहीच अडचण येत नाही. बॉम्बे गटात दोन्ही जनुके एकदम गेलेली असतात. भारतीय बॉम्बे गट टिकण्यामागे पोटाच्या आजारांपासून मिळालेले संरक्षण होते की निव्वळ लग्नांच्या वर्तुळाचा परिणाम होता, यावर ठाम उत्तर देणे आज शक्य नाही. दुसरे कारण पुरेसे वाटते.

इतर उदाहरणांत मात्र जंतूंचा हात स्पष्ट दिसतो. ओ गटाच्या लोकांना मलेरियाचा गंभीर प्रकार तुलनेने कमी होतो, कॉलरा मात्र त्यांनाच जास्त जोराने होतो. गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशात ओ गटाचे प्रमाण कमी असण्याचा संबंध अभ्यासक शतकानुशतकांच्या कॉलऱ्याशी जोडतात. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या लाल पेशींवर ‘डफी’ ही खूण नसते, आणि विवॅक्स मलेरियाचा परजीवी नेमका याच खुणेतून आत शिरतो. एकाच बदलाने एका आजारात माणूस वाचतो आणि दुसऱ्यात अडकतो, त्यामुळे कोणाची प्रतिकारशक्ती ‘शुद्ध’ किंवा ‘श्रेष्ठ’ असल्याचे दावे जनुकांच्या नावाने कोणी करत असेल, तर त्याला विज्ञानाचा आधार नाही.

या विविधतेची कमाल दिसते ती पांढऱ्या पेशींसह जवळपास सर्व पेशींवर असणाऱ्या ‘एचएलए’ खुणांत. सहाव्या गुणसूत्रावरील या जनुकांची ४० हजारांहून अधिक रूपे जगभरात नोंदली गेली आहेत. जंतूचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणे, हे त्यांचे काम. मांडणारे जितके निरनिराळे, तितका एकच जंतू अख्ख्या समाजाला चकवण्याची शक्यता कमी. पण अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपणाची वेळ आली की हीच विविधता आडवी येते. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा २५ टक्केच. बाहेरचा दाता जुळायचा तर तो बहुधा त्याच प्रदेशातला, मिळत्याजुळत्या वंशाचा असावा लागतो. थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग झालेल्या कोकणातल्या मुलासाठी जर्मनीच्या नोंदवहीतील लाखो दाते फारसे कामाचे नसतात. आपल्या नोंदवह्यांत आपल्या गावांतली माणसे किती, हा खरा प्रश्न आहे.

‘ओ’ आईवडिलांचे मूल ‘ए’ कसे?

हा प्रश्न प्रयोगशाळेपेक्षा घरात जास्त जाळतो. शाळेत शिकवलेल्या तक्त्यानुसार दोन्ही पालक ओ असतील तर मूल ओच असायला हवे. पण आई कार्डावर ओ आणि प्रत्यक्षात बॉम्बे असेल, तर तिच्याकडे ए चे झाकलेले जनुक असू शकते. वडिलांकडून चांगला एफयूटी१ मिळाला की मुलात एच तयार होतो, त्यावर ए चढतो आणि मूल ए गटाचे निघते. तक्ता चुकत नाही. आईच्या कार्डावरचा ‘ओ’ चुकलेला असतो. केवळ रक्तगटाच्या कार्डावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे किती पोकळ आहे, हे यावरून दिसते. पितृत्वाचा प्रश्न डीएनए चाचणीने सुटतो, रक्तगटाने नाही.

गर्भवतीच्या बाबतीत काळजी असते ती मुख्यतः तिच्या स्वतःच्या रक्ताची. एच-विरोधी प्रतिपिंडांतला मोठा भाग आकाराने मोठा असल्याने वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. तरी डॉक्टर बाळाच्या काविळीवर लक्ष ठेवतात.

रत्नागिरीत अशा रक्ताची गरज पडली तर?

बॉम्बे गटाला फक्त बॉम्बेच चालते. त्यातही आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाहावे लागते. लाल पेशींची पिशवी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकते. त्यामुळे क्वचित लागणारा गट प्रत्येक जिल्हा रक्तपेढीने साठवून ठेवणे शक्य नाही. अतिथंड तापमानात लाल पेशी वर्षानुवर्षे गोठवून ठेवता येतात, पण ही सोय देशात मोजक्याच ठिकाणी आहे. व्यवहारात रक्त पिशवीत नव्हे, माणसात साठवलेले असते आणि माणसाचा फोन क्रमांक कोणाकडे तरी असावा लागतो. बंगळूरुच्या संकल्प इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था अशा दात्यांचे जाळे चालवतात. २०१७ मध्ये याच जाळ्यातून दोन पिशव्या थेट म्यानमारला, हृदयशस्त्रक्रिया व्हायच्या एका महिलेसाठी गेल्या होत्या. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेने (एनआयआयएच) दुर्मीळ रक्तदात्यांची राष्ट्रीय नोंदवही उभी केली आहे. गट नक्की कोणता, याचा निवाडा करण्यासाठी नमुनेही तिथे पाठवले जातात.

रत्नागिरीहून मुंबई सुमारे ३५० किलोमीटर, आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३०. पावसाळ्यात घाटात दरड आली की हे आकडेही कागदावरच राहतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल, तर हालचाल आधीच करावी लागते. रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवणे, लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवून घेणे, शस्त्रक्रियेत सांडलेले रक्त गोळा करून परत देणे हे मार्ग डॉक्टरांकडे असतात. अचानक आलेल्या रक्तस्रावात यातले फारसे काही हाताशी नसते. तिथे वेळ वाचतो तो रुग्णाचा गट आधीपासून बरोबर माहीत असेल तरच.

ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ आहे त्या सर्वांनी घाबरून तपासणीला धावण्याचे कारण नाही. त्यांतले जवळजवळ सगळे खरोखरच ओ आहेत. पण पूर्वी कधी क्रॉसमॅचमध्ये ओ रक्त जुळले नसेल, रक्त चढवताना तीव्र त्रास झाला असेल, मुलाचा गट तक्त्यात बसत नसेल किंवा घरात कोणी बॉम्बे गटाचे असेल, तर रक्तपेढीत जाऊन ‘ओ पेशींसह उलट तपासणी करा’ असे स्पष्ट सांगावे. पहिल्या बाळंतपणाआधी तर नक्कीच. गट बॉम्बे निघाला तर तो कार्डावर ‘ओएच’ असे न लिहिता ‘बॉम्बे रक्तगट – ओ रक्त देऊ नये’ असा पूर्ण शब्दांत लिहून घ्यावा. रात्री अडीच वाजता अपघात विभागात ते कार्ड जो वाचणार आहे, त्याने हा लेख वाचलेला असेलच असे नाही.